हात दाखवून अवलक्षण

माझ्याकडे सध्या गोल्फचे चार हातमोजे आहेत. दोन उजव्या हाताचे, त्यांतल्या एकाला अंगठा नाही. एक सुरणाचा. एक खरा. गोल्फची काठी एकही नाही.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईच्या कपाटात असा ताळेबंद निघावा, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण माझा स्वभावच असा, की कुठलंही काम मी त्या कामाच्या कपड्यांपासून सुरू करते आणि बहुतेक वेळा तिथंच संपवते. योगासनांसाठी मी पडद्यांना शोभेल अशा रंगाची चटई आणली. तिच्यावर गेली तीन वर्षं कुरडया वाळतात. सिंहगड चढायचा म्हणून घोट्यापर्यंतचे बूट, उन्हाची टोपी आणि पाठीवरची सॅक घेतली. मग आम्ही गाडीनं वर गेलो, पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि गाडीनंच खाली आलो. त्या बुटांना माती कशी असते ते अजून ठाऊक नाही. पोहण्याचा चष्मा घेतला त्याची गोष्ट मी सांगणार नाही. कांदा चिरताना तो फार उपयोगी पडतो, एवढंच सांगते.

नवरा म्हणतो, "तुझ्यावर लग्नाची तयारी सोपवली तर शालू, फेटे, आहेर सगळं वेळेवर पोचेल. नवरदेव घरी राहील."

अशा बाईला जानेवारीच्या सुरुवातीला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक कंपनीचा फेब्रुवारीत 'गोल्फ डे' होता. चार-चार जणांच्या टीम. आमच्या टीममध्ये एक माणूस कमी पडत होता.

"सोप्पं असतं हो मॅडम," साहेब म्हणाले. "क्रिकेटसारखा चेंडू अंगावर येत नाही. जागच्या जागी पडून असतो."

जागच्या जागी पडून असणाऱ्या गोष्टींशी माझा चांगला परिचय आहे. रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात एक असते. मी 'हो' म्हणून टाकलं.

गोल्फशी माझा तोवरचा संबंध एका सकाळपुरता होता. ७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ पोचली होती आणि आख्खा देश पहाटे उठून, ज्यातलं ओ की ठो कळत नाही असा खेळ, देव पाण्यात घालून बघत होता. ती चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकला आणि देश गोल्फ विसरला. मी विसरले नाही. माझ्या डोक्यात त्या सकाळपासून एकच गोष्ट राहून गेली होती: गोल्फ खेळणाऱ्यांचा तो हातमोजा. काय रुबाब असतो त्याचा! तो नेमका कुठल्या हातात असतो, हे मात्र मी बघितलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

काठ्या महाग असतात आणि त्या कुणाच्या तरी उसन्या मिळतात. बूट खाली, गवतात; बघतंय कोण? मोजा मात्र तोंडासमोर असतो. म्हणून सुरुवात मोज्यानंच करायची ठरलं. रात्री जेवणं आटोपल्यावर मी मोबाइलवर दोन तास घालवून एक नग निवडला. दुधासारखं पांढरं चामडं, पाठीवर वांगी रंगाची बारीक गोट, बोटांवर हवा खेळायला सुईएवढी भोकं आणि मनगटाच्या पट्टीवर शिंपल्यासारखं चमकणारं बटण. ते बटण काढून चेंडूच्या जागेची खूण म्हणून ठेवता येतं म्हणे. मला ते बटण म्हणजे चिंचपेटीच्या मधल्या खड्यासारखं वाटलं. किंमत चौदाशे रुपये. खाली प्रश्न होता: उजवा की डावा?

मी उजव्या हातानं लिहिते, जेवते, पोळ्या लाटते आणि नवऱ्याकडे बोट दाखवते. मी 'उजवा' वर टिचकी मारली.

तीन दिवसांनी पार्सल आलं. आत एकच मोजा. मी खोका उलटा केला, आपटला, कागद विस्कटून पाहिला. एकच. माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. मी तक्रार लिहिली, 'मागणीनुसार मालाची पूर्तता अर्धवट झाली असून उर्वरित एक नग तातडीनं पाठवावा, अन्यथा अर्धी रक्कम परत करावी.' माणसं भली होती. त्यांनी माफी मागून दुसरा मोजा पाठवला. तोही उजव्या हाताचा.

आता मात्र माझा पारा चढला. एकाच हाताचे दोन मोजे पाठवणाऱ्यांना हिसका दाखवायचा म्हणून मी फोन लावला. पलीकडे एक तरुण, अतिशय सभ्य आवाज होता.

"मॅम, आपण डावखुऱ्या आहात ना?"

"अजिबात नाही."

पलीकडे शांतता. मग त्यानं, घरात वाईट बातमी सांगताना वापरतात त्या स्वरात सांगितलं, "मॅम, उजव्या हातानं खेळणारे लोक मोजा डाव्या हातात घालतात. आणि एकच घालतात."

परत करायची सोय होती, पण लेबलं फाडलेली नसतील तरच. माझं दोन्हींची लेबलं फाडून, दोन्ही आळीपाळीनं उजव्या हातात चढवून, घरभर आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये वर-खाली हिंडून झालं होतं.

माझं हे फोनवरचं अवलक्षण स्वयंपाकघरात सासूबाई ऐकत होत्या. त्यांच्यापुढं सुरणाचा गड्डा होता. सुरण ज्यांनी चिरला आहे त्यांनाच तो कळतो. त्याच्यात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात आणि माणूस संध्याकाळपर्यंत हात खाजवत, वाटीभर चिंचेच्या कोळाशी बोलत बसतो. सासूबाई दर वेळी हाताला तेल चोपडतात आणि दर वेळी खाजवतात.

"बघू तो मोजा," त्या म्हणाल्या. "चामड्याचा आहे ना? सुरणाला बरा."

मी एक पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि परत दिला.

"हा उजव्याचा गं. काय कामाचा? उजव्यात सुरी असते. सुरण धरतो तो डावा हात. खाज येते ती धरणाऱ्याला."

गोल्फचा मोजा डाव्या हातात का, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला पुढंही कुणी दिलं नाही. उजवा हात मिरवतो, वार करतो, नाव कमावतो. धरून ठेवायचं काम डाव्याचं. काठीवर डावा हात वर असतो, तोच काठी सुटू न देता वर नेतो आणि खाली आणतो. ज्याच्यावर भार, त्याला कवच. सासूबाईंनी गोल्फचा चेंडूही कधी हातात धरलेला नाही.

गावाबाहेरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर मी शिकवणी लावली. रेंज म्हणजे लांबलचक मैदान; एका टोकाला उभं राहायचं आणि बादलीभर चेंडू एकेक करून दुसऱ्या टोकाकडे धाडायचे. शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी आधी माझा हात मागितला, फीत काढली, बोटांच्या पेरांवरून तळव्याचा घेर मोजला, मग मधल्या बोटाची लांबी मोजली आणि म्हणाले, "तळवा रुंद, बोटं आखूड. मॅडम, तुम्हाला कॅडेट लागेल."

मला वाटलं, सैन्यातल्यांसाठी वेगळा माल येतो. तसं नव्हतं. आखूड बोटं आणि रुंद तळवा अशा हातांच्या मापालाच मोज्यांच्या धंद्यात 'कॅडेट' म्हणतात. आमच्या घराण्यात चार पिढ्या बायकांनी भाकरी थापल्या. त्याची अशी इंग्रजी पोचपावती मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिसरा मोजा सरांनीच निवडला. डावा, पांढरा, साधा. मी वांगी गोटीबद्दल हळूच विचारलं तर ते म्हणाले, "आधी तळवा बघून घ्यायचा मॅडम, पाठ नंतर." मोजा कसा बसावा याचे त्यांचे नियम आमच्या शिंप्याच्या ब्लाउजपेक्षा कडक होते. बोटांच्या टोकाशी चामडं उरता कामा नये. तळव्यावर सुरकुती नको. आणि मनगटाची पट्टी पहिल्या दिवशी पूर्ण पलीकडे पोचता कामा नये, कारण चामडं वापरानं सैलावतं आणि मग घट्ट करायला जागा लागते. ती पट्टी म्हणजे आपली चर्र करणारी व्हेलक्रो. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनियरला ती सुचली, कारण रानात फिरून आल्यावर त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याला काटेरी बोंडं चिकटली होती. आमच्याकडे गणपतीत पत्री तोडताना आघाड्याची कुसळं शेकडो वर्षं बायकांच्या साड्यांना चिकटतायत. आम्ही नुसत्या ती काढत बसलो.

चामडंही साधंसुधं नव्हतं. त्याला कॅब्रेटा म्हणतात आणि ते मेंढीचं असतं. पण आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीचं नव्हे; ती लोकरीची, तिच्यापासून घोंगडी होते. लोकर दाट असली की खालची कातडी भुसभुशीत राहते. कॅब्रेटाची मेंढी उष्ण मुलखातली, अंगावर लोकरीऐवजी आखूड केस, दिसायला जवळपास शेळीच. तिची कातडी पातळ पण घट्ट विणीची. म्हणून मोजा घातल्यावर काही घातलंय असंच वाटत नाही. मला तर वाटावं अशीच इच्छा होती; एवढे पैसे दिले होते.

मग खेळ. उजव्या करंगळीला डाव्या तर्जनीच्या पाठीवर बसवायचं. या पकडीला ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनचं नाव आहे. काठी डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत धरायची, आणि सर म्हणाले, "चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. पळू द्यायचं नाही, चेंगरायचंही नाही." मी पिल्लू धरलं, श्वास घेतला, काठी मागं नेली आणि फिरवली. वारा सुटला. चेंडू जागच्या जागी पडून होता. साहेब खरंच बोलले होते.

दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा काठीनं जमिनीला असं वंदन केलं की मनगटापासून कवळीपर्यंत झिणझिण्या आल्या. मला कवळी नाही. पण असती तर आल्या असत्या. ४६ ग्रॅमसुद्धा वजन नाही त्या चेंडूचं, एखाद्या बऱ्या लिंबाएवढंच. आणि मी त्याच्यापुढं दरवेशासारखी गोल गोल फिरत होते.

"मॅडम, बॉलकडे बघा," सर म्हणाले.

"बघतेय की."

"नाही. तुम्ही ग्लोव्हकडे बघताय."

पंधरा दिवसांनी मोज्याला भोक पडलं. तळव्याच्या टाचेशी, करंगळीच्या खाली. मी ते सरांना कौतुकानं दाखवलं. मला वाटलं, मेहनतीची पावती आहे. त्यांनी माझा हात उताणा धरला आणि नाक्यावरच्या ज्योतिषानं रेषा बघाव्यात तसे बघत राहिले.

"हे बघा. काठी तुम्ही बोटांत धरतच नाही, तळव्यात धरता. मग वर गेली की ती हातात सुटते आणि खाली येताना तुम्ही घाबरून आवळता. तेवढ्यात ती इथं घासते. रोज. आणि अंगठ्यावर ही घडी दिसते? म्हणजे चिमणी मेली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वीस वर्षं मी लोकांच्या वह्यांतून त्यांची लबाडी वाचली. कुठं खाडाखोड, कुठं एकाच पेनानं महिनाभराच्या नोंदी, मला लांबून कळतं. आणि माझ्या भित्रेपणाची रोजची नोंद मीच हातात घालून, खाडाखोड न करता, गावभर मिरवत होते. साडी फाटली तर पदर घेता येतो. मोजा तळव्याचं सगळं सांगून टाकतो.

याचा मी योग्य तो धडा घेतला, असं वाटत असेल तर वाचकांनी माझा स्वभाव पुन्हा वर जाऊन वाचावा. त्याच आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. रथसप्तमी जवळ आली होती. पंचवीसएक बायका आल्या. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या होत्या, पण गाळणीत बोलण्यासारखं काय असतं? मी मोजा आणला. सगळ्यांनी तो हातोहात बघितला आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "अगं, दुसरा कुठंय?"

मी अनेक वर्षं वाट पाहत असल्यासारखी हसले. "एकच घालतात," मी म्हणाले. "डाव्यात."

"भोक पडलंय गं याला!"

"सरावानं पडतं," मी म्हणाले. त्या क्षणी मला मेडल मिळालं असतं तर मी ते सहज घेतलं असतं.

बायका गेल्यावर मोजा बघितला. पंचवीस जणींच्या बोटांची हळद आणि कुंकू त्याच्यावर होतं. पाठीवर हळद, तळव्यावर कुंकू, भोकाभोवती दोन्ही. जणू कुणी त्याची षोडशोपचारे पूजा केली होती. चामड्याचा मोजा कधी धुवायचा नाही, ओल्या फडक्यानं नुसता टिपायचा, सपाट करून सावलीत वाळवायचा आणि परत आपल्या पाकिटात ठेवायचा, हे सरांनी चार वेळा सांगितलं होतं. पण हळदीच्या डागांबद्दल सरांना काय ठाऊक? हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मला माझ्या आजीनं सांगितलं आहे. मी मोजा साबणाच्या पाण्यात तासभर भिजवला, ब्रशनं घासला आणि गच्चीवरच्या दोरीवर, नवऱ्याच्या बनियनशेजारी, चिमट्यानं टांगला.

आजी खोटं बोलली नव्हती. संध्याकाळपर्यंत हळद जवळपास उडाली. कुठं कुठं पिवळी झाक तेवढी राहिली. फक्त मोजा पापड झाला होता. कातडं कमावताना जे तेल मुरवतात, ते साबणानं गेलं. उरलंसुरलं पाणी उन्हानं नेलं. पाच बोटं पाच दिशांना ताठ, दोरीवरून काढल्यावरही कुणालातरी 'थांबा' म्हणत असल्यासारखी. आणि तो दोन मापं आटला होता. आवाजसुद्धा येत होता, कुरकुर.

गोल्फ डे तीन दिवसांवर आला होता आणि मला चौथा मोजा हवा होता. नवऱ्यानं त्याआधी कधी गोल्फबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण पैशाचा प्रश्न आला की तो अभ्यास करतो.

"फ्रेड कपल्स," तो म्हणाला. "मोजा घालतच नाही. १९९२ ला मास्टर्स जिंकला. दोन्ही हात उघडे."

"टॉमी गेनी," मीही तयारीत होते. "दोन्ही हातांत मोजे घालतो. बेसबॉल खेळायची सवय. २०१२ ला पीजीए टूरवर जिंकला."

"मग तुझे दोन आहेत की."

"ते दोन्ही उजवे आहेत!"

तो बराच वेळ गप्प राहिला. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी काही गोष्टी तो मला विचारत नाही, यातच आमचं बरं चाललं आहे.

चौथा मोजा मी दुकानात जाऊन, घालून, मूठ मिटून-उघडून घेतला. तळव्याला चामड्याचे तुकडे, जिथं काठी घासते नेमके तिथं. पाठीला ताणणारं कृत्रिम कापड, पेरांवर जाळी, म्हणजे घाम आला तरी पापड व्हायला नको. रंग राखाडी. आणि पाठीवर एक वांगी गोट. पैठणीला उलट बाजू नसते, असं म्हणतात. विणकर दोन्हीकडून सारखी विणतो. मोज्याचं नेमकं उलटं आहे. त्याला दोन बाजू असतात आणि दोघींनी आपापल्या जागी राहायचं असतं. नटायचं ते पाठीनं, राबायचं ते तळव्यानं. मी आयुष्यभर तळव्यावर भरतकाम करत आले.

गोल्फ डेच्या सकाळी मैदानावर धुकं होतं आणि माझ्या अंगावर पांढरी पँट. आमच्या टीममध्ये साहेब, खरेदी विभागाचे एक जण आणि ग्राहक कंपनीच्या बंगळुरूहून आलेल्या मोठ्या बाई होत्या. त्या बाईंचा मोजा बघून मी चाट पडले. कधीकाळी पांढरा असावा. आता पोथीच्या पानासारखा. पण झिजला होता तो सगळीकडून सारखा, एकाही जागी भोक नाही, अंगठ्यावर घडी नाही. त्यांनी पहिला फटका मारला. आवाज असा आला, जसा पिकलेल्या नारळावर कोयता नेमका बसल्यावर येतो. चेंडू धुक्यात गेला.

मग मी. माझा चेंडू सात-आठ पावलं गेला आणि तिथं विचार करत थांबला.

पण देव दयाळू आहे आणि खेळ 'स्क्रँबल' होता. त्यात चौघंही फटका मारतात, सगळ्यात चांगला चेंडू कुठं पडला ते बघतात आणि पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. म्हणजे माझ्यासारखीला सरकारी समितीतल्या सदस्यासारखं राहता येतं: हजेरी लागते, निर्णय कुणी विचारत नाही. आठ भोकांपर्यंत माझा एकही चेंडू कामाला आला नाही. दोन पाण्यात गेले. एक झाडावर बसला, तो खाली आलाच नाही. हरवलेला चेंडू शोधायला नियमानं तीनच मिनिटं असतात, ती मी वर बघण्यात काढली.

आमच्याबरोबरचे कॅडीकाका साठीचे होते. पिशवी उचलता उचलता ते गोल्फर चौरसियाची गोष्ट सांगत होते. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा. तिथं हिरवळ राखणाऱ्या माणसाचा मुलगा एसएसपी चौरसिया इंडियन ओपन लागोपाठ दोनदा जिंकला. "त्याच्याकडे कुठं शिकवणी होती, मॅडम," काका म्हणाले आणि माझ्या वांगी गोटीकडे बघून विनयानं गप्प झाले.

हिरवळीवर, म्हणजे भोकाजवळच्या कातरलेल्या गवतावर, पोचलं की बहुतेक जण मोजा काढतात. तिथं जोर नको, स्पर्श हवा. काढलेला मोजा पँटच्या मागच्या खिशात खोचायचा, बोटं बाहेर लोंबती ठेवून. या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे आणि मी आरशापुढं तिचा सराव केला होता. आरशापुढं मी नवऱ्याची पँट घातली होती. माझ्या पँटला मागं खिसा दिसतो, पण तो शिवलेला असतो. बायकांच्या पँटींना खिसे चित्रासारखे काढलेले असतात. मी दर हिरवळीवर मोजा खोचला, दर हिरवळीवर तो पडला आणि काकांनी दर वेळी तो वाकून उचलून दिला. आठव्या भोकाशी मी खोचायचा नाद सोडला आणि तो हातातच ठेवला.

नववं भोक, शेवटचं. चेंडू भोकापासून सात-आठ फुटांवर. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, आपल्या घरच्या आमटीच्या वाटीहून थोडा मोठा. साहेबांचा चेंडू डावीकडून गेला. खरेदीवाल्यांचा अलीकडेच थांबला. बंगळुरूच्या बाईंचा उजव्या काठाला शिवून पुढं गेला. उरले मी. तिघांच्या चुका डोळ्यांसमोर मांडलेल्या होत्या. चौथ्यानं त्या टाळायच्या, हे तर माझं रोजचं काम.

मी वाकले. काका मागून हळूच म्हणाले, "मॅडम, ग्लोव्ह."

काढला. कुठं ठेवायचा हे न कळून काकांकडे दिला. उघड्या हातानं काठी धरली. बघण्यासारखं हातावर काहीच नव्हतं, म्हणून मी चेंडूकडे बघितलं. तो संथपणे निघाला, मधे एकदा दम खाल्ल्यासारखा झाला आणि टुपकन आत पडला.

साहेब ओरडले. बाईंनी माझा हात हातात घेतला. चार मोजे, पाच हजारांच्या वर खर्च आणि काही आठवड्यांची शिकवणी. आणि हिशेबात धरण्यासारखा जो एकच फटका बसला, तो मोजा न घालता.

घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात. समोर सुरण, उजव्या हातात सुरी आणि डाव्या हातात माझा गच्चीवरचा पापड. त्यांचे हात लहान. आटलेला मोजा त्यांना मापून शिवल्यासारखा बसला होता. भोकावर नीट चौकोनी ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं. ठिगळाचं चामडं दुधासारखं पांढरं आणि त्याच्या कडेला वांगी गोट.

"आई, हे कुठून आणलंत?"

"त्या उजव्यांपैकी एकाचा अंगठा कापला. पडूनच होते की. फार कामाचा आहे गं हा. कडक आहे म्हणून सुरण घसरत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हात दाखव."

मी दोन्ही दाखवले. शिकवणीच्या उन्हानं उजवा रापला होता, डावा मनगटापासून खाली तसाच गोरा.

"एक माहेरचा, एक सासरचा," त्या म्हणाल्या आणि मोजा काढून माझ्यापुढं धरला. "घाल. उरलेला तू चीर. मी जरा टेकते."

कुरकुर करत तो माझ्या हातात अर्धामुर्धा चढला. मी गड्डा धरला.

"इतका आवळू नकोस," सासूबाई दारातून म्हणाल्या. "पळून नाही जात तो."

मी सैल धरला. सुरी सरळ उतरली. एक फोड, दुसरी फोड, सगळ्या सारख्या. बिनमोज्याच्या हातानं मी त्या परातीत लोटत होते, पसरत होते, जरा जास्तच ऐटीत. पाच मिनिटांत उजवा हात पेटला. चिंचेचा कोळ घेतला, तेल लावलं, काही नाही.

मग आठवलं. कपाटाशी गेले. उजव्या हाताचा, अंगठा शाबूत असलेला, एक नग तिथं होता. डाव्यात ठिगळाचा, उजव्यात वांगी गोटीचा, असे दोन्ही हात पुढं धरून मी उरलेला सुरण चिरायला बसले. त्या दुकानदारांना आता कळवायला हवं: उर्वरित नगाबाबतची तक्रार मागं घेत आहे. जोडी जमली.